डायरी एक, उपकरणे अनेक : नोंदी जुळेनाशा झाल्या तर काय करावे

गोकुलम (म्हैसूर) : मोबाइलवर पहाटे लिहिलेली नोंद संध्याकाळी टॅबलेटवर दिसत नाही, संगणकावर महिन्यापूर्वीचीच पाने उघडतात, किंवा एकच नोंद दोनदा दिसू लागते. डायरी लिहिण्याची ॲप वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी ॲप काढून टाकून पुन्हा बसवण्याकडे बहुतेकांचा कल असतो. नोंदी कायमच्या गमावण्याचा धोका नेमका याच कृतीत सर्वाधिक असतो. सर्व्हरवर न पोहोचलेली नोंद फक्त त्या एका उपकरणात असते आणि ॲप काढताच ती पुसली जाते. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी नोंदी सुरक्षित करणे आणि मग कारण शोधणे, हाच क्रम योग्य ठरतो.

म्हैसूरमधील गोकुलम ही वसाहत अष्टांग योगाच्या अभ्यासकांमुळे जगाच्या नकाशावर आली. के. पट्टाभी जोईस (१९१५-२००९) यांनी १९४८ मध्ये लक्ष्मीपुरम येथे सुरू केलेली अष्टांग योग संशोधन संस्था पुढे गोकुलमला आली. तेव्हापासून देशोदेशींचे साधक येथे महिना-दोन महिने मुक्कामाला येतात. जोईस यांचे गुरू टी. कृष्णमाचार्य म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील योगशाळेत शिकवत. त्यांचेच दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि महाराष्ट्राला या परंपरेची ओळख झाली.

आजचे आसन, श्वासाची लय, दुखावलेला गुडघा, पौर्णिमा-अमावास्येची विश्रांती अशा बारीकसारीक गोष्टी रोजच्या रोज टिपून ठेवणे, हा दीर्घकालीन साधनेत उपयोगी पडणारा परिपाठ आहे. या नोंदी आता वहीऐवजी मोबाइलमध्ये होतात. प्रवासी साधकाजवळ मोबाइल, टॅबलेट आणि लॅपटॉप अशी तीन उपकरणे असतात, इंटरनेट जोडणी मुक्कामागणिक बदलते, घड्याळाचा कालविभागही बदललेला असतो. समक्रमण बिघडण्यास लागणारी जवळजवळ सर्व कारणे अशा मुक्कामात एकत्र येतात. पुण्या-मुंबईत, बेळगावात किंवा परदेशी राहून मराठीत रोजनिशी लिहिणाऱ्यांनाही हीच कारणे लागू पडतात.

समक्रमण म्हणजे काय

समक्रमण, म्हणजे रूढ भाषेत सिंक, ही सर्व उपकरणांवरील नोंदींचा ताळमेळ राखणारी व्यवस्था होय. जुन्या पेढ्यांमध्ये दिवसभराचे व्यवहार प्रथम रोजकीर्दीत चढत आणि तेथून खतावणीत उतरवले जात. दोन्ही वह्यांचा मेळ बसला नाही, तर कोणती नोंद उतरवायची राहिली, हे कारकून शोधून काढी. डायरीचे ॲपही असेच चालते. नोंद प्रथम उपकरणातील साठ्यात लिहिली जाते, नंतर पाठवायच्या बदलांच्या रांगेत लागते, जोडणी मिळताच सर्व्हरवर जाते आणि तेथून इतर उपकरणांवर उतरते.

या प्रवासात तीन ठिकाणी खोळंबा होऊ शकतो. नोंद पहिल्या उपकरणातून बाहेरच पडत नाही. ती सर्व्हरवर पोहोचते, पण तेथे स्वीकारली जात नाही. किंवा सर्व्हरवर असते, पण दुसरे उपकरण ती उतरवून घेत नाही. तिन्हींचे दृश्य लक्षण एकच, नोंद दिसत नाही. उपाय मात्र वेगवेगळे आहेत. ॲपला वेब आवृत्ती असल्यास ब्राउझरमधून खाते उघडून पाहणे ही सर्वांत सोपी कसोटी ठरते. तेथे नोंद दिसली, तर दोष उतरवून घेणाऱ्या उपकरणात आहे. दिसली नाही, तर दोष पाठवणाऱ्या उपकरणात किंवा खात्यात आहे. पूर्ण कूटबद्ध डायरी वेबवर पाहण्यासाठी किल्ली द्यावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

नोंदी कोठे साठवल्या जातात, हे ॲपागणिक बदलते. ‘डे वन’ हे २०११ मध्ये आलेले ॲप सुरुवातीला आयक्लाउड आणि ड्रॉपबॉक्सवर विसंबून होते. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते स्वतःच्याच सर्व्हरवर आले. ‘जर्नी’ हे ॲप गुगल ड्राइव्हच्या आधारे समक्रमण करण्याची सोय देते. ॲपल कंपनीचे ‘जर्नल’ डिसेंबर २०२३ मध्ये फक्त आयफोनसाठी आले, २०२५ मध्ये ते आयपॅड आणि मॅकवर पोहोचले. त्याचा आधार आयक्लाउड आहे. अँड्रॉइड किंवा विंडोजसाठी त्याची आवृत्ती नाही. त्यामुळे आयफोन आणि विंडोज लॅपटॉप वापरणाऱ्याने लॅपटॉपवर त्याची नोंद शोधणे व्यर्थ आहे. आपले ॲप नेमके कोणाच्या सर्व्हरवर साठवते, हे ठाऊक असल्याशिवाय दुरुस्तीची दिशा ठरत नाही.

समक्रमण म्हणजे बॅकअप नव्हे

नोंदी तीन उपकरणांवर दिसतात, म्हणून त्यांच्या तीन सुरक्षित प्रती आहेत, हा समज चुकीचा आहे. समक्रमण बदल पसरवते आणि पुसणे हाही एक बदलच असतो. मोबाइलवर चुकून काढलेली नोंद काही क्षणांत टॅबलेटवरूनही नाहीशी होते. बॅकअप म्हणजे ठरावीक दिवशी काढून वेगळी ठेवलेली, नंतरच्या बदलांचा परिणाम न होणारी प्रत. आयफोनच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. आयक्लाउडवर आधीच समक्रमित होणारी माहिती आयक्लाउड बॅकअपमध्ये पुन्हा घेतली जात नाही, असे ॲपलने स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘बॅकअप चालू आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

मोठ्या सेवांनाही अडचणी येतात, हे दोन प्रसंगांतून दिसून आले. मे २०१८ मध्ये यंत्रसामग्रीतील बिघाडानंतर ‘डे वन’ची समक्रमण सेवा विस्कळीत झाली. बॅकअपवरून ती पूर्ववत करताना काही खात्यांमध्ये दुसऱ्यांच्या नोंदी दिसू लागल्या आणि कंपनीने हे स्वतः जाहीर केले. ज्यांनी आपली डायरी पूर्णतः कूटबद्ध ठेवली होती, त्यांचा मजकूर मात्र इतरांना वाचता येण्याजोगा नव्हता.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२३ मधील. संगणकावरील गुगल ड्राइव्हच्या ८४ व्या आवृत्तीत अनेकांच्या अलीकडच्या फायली दिसेनाशा झाल्या. त्या वेळी गुगलने दिलेला पहिला सल्ला लक्षणीय होता : ॲपमधून खाते तोडू नका आणि ॲपचा अंतर्गत फोल्डर हलवू वा पुसू नका. पुढील आवृत्तीत फायली परत मिळवण्याचे साधन देण्यात आले, पण ते चालण्यासाठी उपकरणातील मूळ साठा शाबूत असणे आवश्यक होते. डायरीच्या ॲपलाही हाच नियम लागू पडतो.

दुरुस्तीपूर्वीची तयारी

पहिली पायरी म्हणजे सर्वांत ताज्या नोंदी कोणत्या उपकरणावर आहेत, ते निश्चित करणे. ते उपकरण ‘मूळ प्रत’ मानून त्यावर कोणताही प्रयोग करू नये. तेथून लॉग आउट करू नये, ॲप काढू नये, ॲपचा साठा पुसू नये. अँड्रॉइडवरील ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ या दोन पर्यायांत गफलत झाल्यास मोठे नुकसान होते. पहिला तात्पुरत्या फायली काढतो, दुसरा उपकरणातील डायरीच पुसतो.

दुसरी पायरी निर्यातीची. बहुतेक चांगल्या ॲपमध्ये नोंदी बाहेर काढण्याची सोय असते. पीडीएफ वाचण्यास सोयीचे असते, तर जेसन किंवा साधी मजकूर-फाइल दुसऱ्या ॲपमध्ये नेण्यास उपयोगी पडते. शक्य असल्यास दोन्ही काढून पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर ठेवावीत. निर्यात होत नसेल, तर सर्व्हरवर न गेलेल्या नोंदींचा मजकूर निवडून कॉपी करावा आणि स्वतःलाच ई-मेलने पाठवावा. स्क्रीनचे छायाचित्र हा शेवटचा, पण प्रसंगी पुरेसा उपाय आहे.

तिसरी पायरी म्हणजे नोंद खरोखरच हरवली आहे का, याची खात्री. एकापेक्षा अधिक डायऱ्या असल्यास नोंद दुसऱ्याच डायरीत गेलेली असू शकते. एखादी गाळणी, म्हणजे फिल्टर, चालू राहिल्यानेही पाने दिसत नाहीत. ॲपमधील कचरापेटी जरूर पाहावी. अनेक ॲप काढलेली नोंद काही काळ राखून ठेवतात. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते आणि नंतर आपोआप पुसली जाते. म्हणून ही तपासणी लांबणीवर टाकू नये.

नेहमीची कारणे आणि उपाय

१. खात्यांची गफलत : नोंदी न जुळण्याचे हे वारंवार आढळणारे कारण असून त्याचा संशय सर्वांत उशिरा येतो. एकाच व्यक्तीने मोबाइलवर गुगल खात्याने आणि टॅबलेटवर ॲपल खात्याने प्रवेश केला, तर ॲपच्या दृष्टीने ते दोन वेगळे वापरकर्ते ठरू शकतात. ॲपल खात्याने प्रवेश करताना ‘ई-मेल लपवा’ हा पर्याय निवडल्यास ॲपला खऱ्या पत्त्याऐवजी नवा, यादृच्छिक पत्ता मिळतो. नंतर तीच व्यक्ती नेहमीच्या ई-मेलने आत गेली, की तिच्यापुढे रिकामी डायरी उघडते. दोन्ही उपकरणांच्या सेटिंग्जमध्ये जाऊन खात्याचा पत्ता अक्षरशः ताडून पाहावा. पत्ते वेगळे निघाल्यास नोंदी पुसल्या गेलेल्या नसून दुसऱ्या खात्यात सुरक्षित असतात. एका खात्यातून निर्यात आणि दुसऱ्यात आयात, हा त्यावरील मार्ग आहे.

२. योजनेची मर्यादा : काही ॲपच्या मोफत आवृत्तीत समक्रमण एकाच उपकरणापुरते असते किंवा छायाचित्रांच्या संख्येवर बंधन असते. वार्षिक वर्गणीची मुदत संपल्यावर ही मर्यादा पुन्हा लागू होते. समक्रमण एखाद्या विशिष्ट तारखेपासून थांबले असेल, तर ती तारीख वर्गणीच्या तारखेशी जुळते का, हे पाहावे.

३. भरलेला साठा : आयक्लाउडवर ५ जीबी आणि गुगल खात्यावर १५ जीबी जागा मोफत मिळते. गुगलची जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत मिळून वाटली जाते. साठा भरला, की नव्या नोंदी वर जात नाहीत. जागा मजकुराने नव्हे, चित्रफितींनी भरते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला साठवणुकीत साधारणतः ३ बाइट लागतात. रोज सुमारे ३०० शब्द लिहिले, तर दिवसाला साधारण ६ केबी आणि दहा वर्षांत सुमारे २२ एमबी इतकीच जागा व्यापली जाते. याउलट आयफोनवर १०८० पिक्सेल दर्जाची चित्रफीत मिनिटाला सुमारे ६० एमबी घेते. आसनांचा सराव तपासण्यासाठी रोज दोन मिनिटांची चित्रफीत मूळ दर्जात डायरीला जोडली, तर मोफत ५ जीबी जागा जेमतेम ४० दिवस पुरते. चित्रफिती वेगळ्या ठेवून डायरीत फक्त मजकूर आणि निवडक छायाचित्रे ठेवणे हा कमखर्चिक उपाय होय.

४. जोडणी आणि बॅटरी : ‘फक्त वाय-फायवर समक्रमण’ हा पर्याय अनेक ॲपमध्ये असतो. दिवसभर मोबाइल डेटा वापरणाऱ्याच्या नोंदी त्यामुळे रांगेतच राहतात. हॉटेल, अतिथिगृह किंवा विमानतळावरील वाय-फायला आधी ब्राउझरमधून परवानगी द्यावी लागते. तोवर चिन्ह दिसले तरी इंटरनेट चालत नाही. अँड्रॉइडवरील डेटा बचत आणि बॅटरी बचत, तसेच आयफोनवरील लो पॉवर मोड ही साधने पडद्यामागे चालणाऱ्या कामांना आवर घालतात. डायरीच्या ॲपला बॅटरी बचतीतून सूट द्यावी, पार्श्वभूमीत डेटा वापरण्याची परवानगी द्यावी आणि नोंद लिहून झाल्यावर समक्रमण पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत ॲप उघडे ठेवावे. पुष्कळ नोंदी अडकून पडल्या असतील, तर उपकरण चार्जिंगला लावून चांगल्या वाय-फायवर काही तास ठेवल्यास रांग पुढे सरकते.

५. आवृत्तीतील तफावत : एका उपकरणावर ॲप नवे आणि दुसऱ्यावर जुने असेल, तर नव्या स्वरूपातील नोंद जुन्या आवृत्तीला वाचता येत नाही. जुन्या टॅबलेटना कार्यप्रणालीची नवी आवृत्ती मिळणे बंद झालेले असते आणि त्यामुळे ॲपही अद्ययावत होत नाही. असे उपकरण वाचनापुरतेही भरवशाचे राहत नाही. त्यावर नवे लेखन टाळलेले बरे.

६. छायाचित्रे मागे राहणे : मजकूर आला, पण छायाचित्राच्या जागी राखाडी चौकट दिसते, हा दोष नसून बहुधा विलंब असतो. बहुतेक ॲप हलका मजकूर आधी पाठवतात आणि माध्यम-फायली नंतर. मूळ छायाचित्र पूर्ण वर जाण्यापूर्वी मोबाइल विकला किंवा पुसला, तर चौकट कायमची रिकामी राहते. जुना मोबाइल देऊन टाकण्यापूर्वी नव्यावर काही जुन्या नोंदी उघडून त्यांतील छायाचित्रे पूर्ण आकारात दिसतात का, हे पाहण्याची खबरदारी घ्यावी.

७. हरवलेली किल्ली : टोकापासून टोकापर्यंतच्या कूटबद्धतेत, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये, डायरीची किल्ली फक्त वापरकर्त्याकडे असते. ‘डे वन’ने ही सोय २०१७ मध्ये आणली. ॲपलचे ‘जर्नल’ही आयक्लाउडवर याच पद्धतीने साठवले जाते. यामुळे कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही; त्याचबरोबर किल्ली हरवल्यास कंपनी मदतही करू शकत नाही. खात्याचा पासवर्ड आणि डायरीची किल्ली या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नवे उपकरण किल्ली मागत असेल आणि ती आठवत नसेल, तर ज्या जुन्या उपकरणावर डायरी अजून उघडते, तेथून ती आधी पाहून कागदावर उतरवून घ्यावी. जुने उपकरणही हाती नसेल, तर सर्व्हरवर नोंदी असूनही त्या वाचता येणार नाहीत.

पहाटेची नोंद आदल्या दिवशी का दिसते

गोकुलममधील साधकांचा दिवस सूर्योदयापूर्वी सुरू होतो. त्यामुळे तारखेचा एक वेगळाच घोळ येथे संभवतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. पहाटे ४.३० वाजता केलेली नोंद जागतिक वेळेनुसार आदल्या रात्री ११ वाजताची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये त्या क्षणी आदल्या दिवसाचे सायंकाळचे ६ वाजलेले असतात. ॲप नोंदीसोबत कालविभाग जपत नसेल, तर मायदेशी परतल्यावर साधकाच्या पहाटेच्या साऱ्या नोंदी एक दिवस मागे सरकलेल्या दिसतात. एका तारखेला दोन नोंदी आणि दुसरी तारीख कोरी असे चित्र दिसले, की नोंद हरवल्याचा भास होतो. परदेशातून सुटीवर आलेल्या मराठी कुटुंबांनाही हाच अनुभव येऊ शकतो.

उपाय साधा आहे. सर्व उपकरणांवर तारीख आणि वेळ ‘स्वयंचलित’ ठेवावी, प्रवासानंतर प्रत्येक उपकरण एकदा इंटरनेटला जोडावे आणि ॲपमध्ये नोंदीचा कालविभाग बदलण्याची सोय असल्यास ती वापरावी. हाताने लावलेले चुकीचे घड्याळ आणखी एका प्रकारे त्रासदायक ठरते. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होताना प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते. उपकरणाचे घड्याळ बरेच मागे किंवा पुढे असेल, तर ही जोडणीच नाकारली जाते आणि कारण मात्र वापरकर्त्याला कळत नाही.

एका नोंदीच्या दोन प्रती

मोबाइल इंटरनेटविना असताना दुपारी एक परिच्छेद वाढवला आणि संध्याकाळी टॅबलेटवर त्याच नोंदीत दुसरी दुरुस्ती केली, तर दोन्ही उपकरणे जोडली गेल्यावर कोणता मजकूर खरा मानायचा, असा पेच उभा राहतो. वेगवेगळ्या यंत्रांवरील घटनांचा क्रम केवळ घड्याळावरून ठरवता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते. आजची ॲप या पेचातून दोन मार्गांनी सुटका करून घेतात. काही ॲप शेवटचा बदल ग्राह्य धरून आधीचा टाकून देतात. काही दोन्ही प्रती जपून निर्णय वापरकर्त्यावर सोपवतात.

दुहेरी नोंद दिसणे म्हणून नेहमीच वाईट नसते. कदाचित ॲपने वापरकर्त्याचा मजकूर वाचवलेला असतो. घाईने एक प्रत पुसण्यापूर्वी दोन्ही शेवटपर्यंत वाचून मजकूर एकत्र करावा. पहिल्या मार्गाने चालणाऱ्या ॲपमध्ये नोंदीचा पूर्वेतिहास पाहण्याची सोय आहे का, हे तपासावे. एका वेळी एकाच उपकरणावर लिहिणे आणि दुसरे हाती घेण्यापूर्वी पहिल्याचे समक्रमण पूर्ण होऊ देणे, ही सवय लागली तर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

मराठी अक्षरांचा पेच

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे एक खास अडचण येते. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ या शब्दांतील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशी जोडी म्हणून. युनिकोडच्या नियमानुसार दोन्ही समान आहेत, पण प्रत्येक प्रणाली ही समानता पाळतेच असे नाही. मॅकच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत नावे जोडीच्या स्वरूपात साठवली जात. त्यामुळे निर्यात केलेल्या फाइलच्या नावात ‘ऱ’ असेल, तर दुसऱ्या प्रणालीवर डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन फायली तयार होण्याची शक्यता असते.

‘ॲ’ या अक्षराची कथा याहून वेगळी आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधीचा मजकूर ‘अ’ला अर्धचंद्र जोडून लिहिलेला असे आणि काही कीबोर्ड आजही तसेच लिहितात. ही दोन रूपे युनिकोडच्या लेखी समान नाहीत. एका कीबोर्डने लिहिलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डने शोधल्यास नोंद सापडत नाही आणि समक्रमण बिघडल्याचा समज होतो. म्हणून नोंद शोधताना शब्दाऐवजी तारखेनेही शोधून पाहावे. फायलींना ‘२०२५-०१-१४’ अशा धर्तीची आकडेवजा नावे दिल्यास नावांचा घोळ टळतो आणि क्रमही आपोआप लागतो.

ॲप पुन्हा बसवणे : शेवटचा उपाय

वरील सर्व तपासण्या करूनही एखादे उपकरण नोंदी घेत नसेल, तरच त्यावरील ॲप काढून पुन्हा बसवावे. त्याआधी चार गोष्टींची खात्री असावी. निर्यात केलेली प्रत वेगळ्या ठिकाणी आहे आणि ती उघडते. वेबवर किंवा दुसऱ्या उपकरणावर सर्व नोंदी दिसतात. खात्याचा पत्ता, प्रवेशाची पद्धत आणि पासवर्ड ठाऊक आहे. कूटबद्ध डायरीची किल्ली हाताशी आहे. हा उपाय मूळ प्रत असलेल्या उपकरणावर कधीही करू नये. पुन्हा बसवल्यानंतर लगेच नवे लेखन न करता जुन्या नोंदी पूर्ण उतरू द्याव्यात. एकूण नोंदींची संख्या दोन्ही उपकरणांवर ताडून पाहावी.

तरीही प्रश्न सुटला नाही, तर ॲपच्या मदत विभागाला लिहिताना उपकरणाचे नाव, कार्यप्रणाली आणि ॲपची आवृत्ती, समक्रमण शेवटचे केव्हा झाले ती वेळ आणि पडद्यावरील त्रुटी-संदेशाचे नेमके शब्द कळवावेत. डायरीतील मजकूर, पासवर्ड किंवा किल्ली कोणालाही पाठवू नये. खरा मदत विभाग ती मागत नाही. सेवा सर्वांसाठीच बंद असल्यास तसे कंपनीच्या सेवास्थिती-पृष्ठावर कळते. अशा वेळी काहीही न करता वाट पाहणे, हाच उत्तम उपाय ठरतो.

डायरी कोणाच्या हाती

ॲप बंद पडले, कंपनी विकली गेली किंवा लेखकाचे निधन झाले, तर नोंदींचे काय, हा प्रश्नही समक्रमणाइतकाच महत्त्वाचा आहे. ‘डे वन’ २०२१ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने विकत घेतले. ते सुरू राहिले, परंतु प्रत्येक ॲपच्या वाट्याला असे भाग्य येईलच, याची शाश्वती नसते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा, तसेच मृत्यू वा असमर्थतेच्या प्रसंगी आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करण्याचा अधिकार आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र एका सेवेतील माहिती दुसऱ्या सेवेत नेण्याचा स्वतंत्र हक्क या कायद्यात नाही. म्हणून निर्यातीची सोय नसलेले ॲप डायरीसाठी निवडू नये.

दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. ड्राइव्हवर डायरी असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. गुगलचे ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ आणि ॲपलची ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ या सोयींद्वारे आपल्या पश्चात माहिती कोणाला मिळावी, हे आधीच ठरवता येते. कोणालाच मिळू नये, असे वाटत असल्यास किल्लीची नोंद कोठेही न ठेवणे हाही एक निर्णय आहे; तो अजाणता नव्हे, जाणीवपूर्वक घेतलेला असावा.

पेशवाईतील कागदपत्रे पुण्याच्या दफ्तरात रुमालांत बांधून राहिली, म्हणूनच गो. स. सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक पत्रांचे ४५ खंड संपादित करता आले. कागदाला वाळवी आणि ओल यांचे भय होते, पण तो वाचण्यासाठी पासवर्ड लागत नव्हता. मोबाइलमधील रोजनिशीला तितके आयुष्य लाभायचे असेल, तर तिचा रुमालही वेळोवेळी बांधून ठेवावा लागेल. महिन्यातून एक दिवस ठरवून निर्यात करणे, एक प्रत घरात आणि एक प्रत घराबाहेर ठेवणे, वर्षातून एकदा ती खरोखर उघडते का ते पाहणे आणि किल्ली कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवणे, एवढी शिस्त पाळली तर समक्रमण बिघडले तरी डायरी हरवत नाही.